पिवळ्या टाइल्स

आज मामाला घेऊन लोकलने गेले, म्हणजे खरं तर मामाच मला घेऊन गेला. त्याला अजिबात दिसत नाही. प्लॅटफॉर्मवर एवढी गर्दी, गोंगाट आणि हा मध्येच थांबून म्हणतो, "इथेच उभी राहा, बीप ऐकू येतोय ना?" इतकी वर्षं मी तो आवाज ऐकतेय पण तो दिव्यांगांचा डबा कुठे येणार ते कळावं म्हणून असतो हे मला आज कळलं!!

बाहेर फुटपाथवर त्या पिवळ्या टाइल्स आहेत ना, त्यावर उभ्या रेघा म्हणजे सरळ चला आणि गोल ठिपके म्हणजे सावकाश, पुढे काहीतरी आहे. जपानच्या सेइइची मियाके यांनी शोधल्या, १९६७ ला ओकायामात पहिल्यांदा बसवल्या. मामाची काठी त्या रेघेवरून मस्त सरकत होती आणि थोडं पुढे गेल्यावर टणकन एका बाइकच्या चाकावर आपटली, बरोबर पट्टीवरच लावलेली. मामा काही बोलला नाही, सीट, हँडल चाचपत फुटपाथवरून खाली उतरला, रिक्षांच्या मधे. पोटात गोळाच आला माझ्या.

प्लीज, त्या पट्टीवर गाडी लावू नका, सामानही ठेवू नका. परत येताना बाइक तिथेच होती, दोघा-तिघांना हाक मारून बाजूला केली.