रेटिनोइक आम्ल : मोडल्याशिवाय सुटका नाही

अ जीवनसत्त्वाबद्दलचं बरंचसं लेखन शोषण आणि साठवण यांवरच थांबतं. यकृताच्या स्टेलेट (ताराकृती) पेशींत ते रेटिनिल एस्टरच्या, म्हणजे मेदाम्ल जोडलेल्या रूपात साठतं, इथवर सगळ्यांना पाठ. नंतर त्याची विल्हेवाट कशी लागते, ते जास्त रंजक आहे.

रेटिनॉलचं (म्हणजे अ जीवनसत्त्वाचं मूळ रूप) रेटिनल होतं, रेटिनलचं परत रेटिनॉलही होतं. पण एएलडीएच१ए गटातल्या एन्झाइमांनी रेटिनलचं रेटिनोइक आम्ल केलं की माघार नाही. जनुकं चालू-बंद करणारं रूप हेच, त्यामुळे ते फाजील झालं तर मोडावंच लागतं. हे काम मुख्यतः सीवायपी२६ कुळाचं : ए१, बी१, सी१. ही एन्झाइम्स ऑक्सिजन आणि एनएडीपीएच (पेशीतला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) वापरून रेणूच्या कड्यातल्या ४ क्रमांकाच्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट चढवतात. त्यातून ४-हायड्रॉक्सी आणि पुढे ४-ऑक्सो रूप तयार होतं. मग यूजीटी नावाची एन्झाइम्स त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल (साखरेपासून बनणारं, पाण्यात विरघळणारं आम्ल) जोडतात आणि माल पित्तातून, लघवीतून बाहेर पडतो. (४-ऑक्सो रूप अगदीच निष्क्रिय नसतं; पहिल्या घावात काम तमाम होत नाही.)

गंमत अशी की सीवायपी२६ए१चं जनुक रेटिनोइक आम्लच चालू करतं. आम्ल वाढलं की त्याला मोडणारं यंत्रही वाढतं. अॅक्युट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात हेच आडवं येतं. तिथे ट्रेटिनॉइन, म्हणजे औषध म्हणून दिलेलं रेटिनोइक आम्लच, रोज शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ४५ मिलिग्रॅम, दोन डोसांत विभागून देतात. मात्रा तीच असूनही काही दिवसांत रक्तातली पातळी घसरते. ते एकटं पुरत नाही, त्याचं हे एक कारण. उलट, फ्लुकोनॅझोलसारखी बुरशीविरोधी अॅझोल औषधं सोबत असली तर मोडतोड मंदावते आणि डोकेदुखी, कवटीतला दाब वाढणं असे त्रास होऊ शकतात.

रेणूचा आकार जरा बदलला तरी हिशेब बदलतो. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनचा अर्धायुकाल (रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) साधारण २० तास. ही औषधं गर्भाला घातक, म्हणून औषध थांबवल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायची. सोरायसिसवरच्या अॅसिट्रेटिनचा सुमारे २ दिवस. पण सोबत मद्य घेतलं तर त्याचं एट्रेटिनेट हे दुसरं संयुग होतं, ते चरबीत मुरतं आणि त्याचा अर्धायुकाल जवळपास १२० दिवस. म्हणूनच तिथे मुदत थेट ३ वर्षांची, आणि स्त्रियांना उपचारादरम्यान व नंतर २ महिने मद्य वर्ज्य.