आबांबरोबर मॉरिशस: निळं पाणी आणि ओळखीचा ऊस

विमान खाली यायला लागलं आणि खिडकीशी बसलेल्या आबांनी माझा हात दाबला. "पोरी, ऊस हाय की ह्यो सगळा!"

मी वाकून पाहिलं. एका बाजूला निळ्याच्या चार-पाच छटांचा समुद्र होता आणि विमानतळाच्या कुंपणापर्यंत पसरलेला हिरवागार ऊस. करवीर तालुक्यातल्या आमच्या शिवारातून उचलून कुणी समुद्रात नेऊन ठेवावा, तसा.

दिवाळी आटोपून आम्ही तिघं निघालो होतो: मी, माझे मिस्टर आणि माझे वडील, म्हणजे आबा. आई म्हशींमुळे आली नाही. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई आणि तिथून सुमारे सहा तासांचं विमान. पर्यटनासाठी जाणाऱ्या आपल्या लोकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं आहे आणि गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ मला एकदम योग्य वाटला. ऊन लख्ख असतं, पण अंगाची काहिली होत नाही. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत वादळांचा मोसम येतो.

समुद्राचं आधी सांगून टाकते, कारण बहुतेकजण त्यासाठीच जातात. बेटाभोवती जवळपास सगळीकडून प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा लांब तिथंच फुटतात, त्यामुळे आत किनाऱ्यालगत पाणी तळ्यासारखं शांत राहतं. वाळू पांढरी असते ती प्रवाळाच्याच भुग्यामुळे. पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाक नावाचा लांबलचक किनारा आहे, त्याच्या कडेनं आपल्या कोकणात असतात तशी सुरूची झाडं. संध्याकाळी सूर्य समोर समुद्रात बुडतो आणि सुट्टीच्या दिवशी तिथली कुटुंबं डबे घेऊन त्या सुरूखाली बसलेली असतात. एक मात्र ऐका. वारा सतत वाहतो, म्हणून ऊन जाणवत नाही. पहिल्याच दिवशी माझे खांदे असे भाजले की दोन रात्री कुशीवर झोपता आलं नाही. पाण्यात उतरताना पायात रबरी बूटही हवेत, खडकांत काटेरी समुद्री साळू असतात.

ईल-ओ-सेर्फ हे छोटं बेट आम्ही बोटीनं जाऊन पाहिलं. सुंदर आहे, गर्दीही तेवढीच. अर्धा दिवस पुरतो.

आबांचं मन मात्र रस्त्याच्या कडेला होतं. उसाच्या फडांत मधेमधे काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसत होते, काही तर पायऱ्या-पायऱ्यांचे, रचून बांधल्यासारखे. एका ठिकाणी त्यांनी गाडी थांबवायला लावली. ढिगाजवळ जाऊन एक दगड हातानं चाचपला. "काळा पाषाण. आपल्या पन्हाळ्याचाच." खरंच तसं होतं. हे बेट ज्वालामुखीतून झालेलं, आपला सह्याद्रीही लाव्हाचाच. दोन्हीकडे बेसॉल्ट. मग ते दगड वेचून रान मोकळं कुणी केलं, हे आमच्या ड्रायव्हरनं सांगितलं: "आमच्या पणजोबांनी."

ऊस या बेटावर डचांनी १६३९ साली जावाहून आणला. पुढे फ्रेंच आले, मग इंग्रज. मळ्यांत राबायला आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले जात. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी बंद झाली, पण त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ ला, 'अ‍ॅटलास' जहाजातून हिंदुस्थानातले करारावर बांधलेले मजूर उतरायला सुरुवात झाली होती. २ नोव्हेंबरला आजही तिथं सार्वजनिक सुट्टी असते.

पोर्ट लुई या राजधानीच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे. २००६ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. बघायला गेलं तर थोडंच उरलंय: काही दगडी खोल्या, जुन्या भिंतींचे पाये आणि पाण्याकडच्या पायऱ्या. शेजारून मोटारींचा रस्ता धावतो. सुमारे पाच लाख माणसं हिंदुस्थानातून या बेटावर आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यातली बहुतेक या घाटावरून आत गेली. पाच वर्षांचा करार, गड्याला महिना पाच रुपये. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची. शेजारच्या संग्रहालयात हे सगळं मांडलंय. मी वाचून मराठीत सांगत होते. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे उचल घेतल्यासारखंच की." आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या आधी पैसे उचलतात आणि मग ते फिटेपर्यंत राबतात, ती उचल.

बाहेर पायऱ्यांपाशी आल्यावर त्यांनी पायताण काढलं आणि टोपी नीट केली. थोडा वेळ आम्ही तिथंच उभे राहिलो.

तिथून चालत गेलं की मध्यवर्ती बाजार. तिथं डाळपुरी खाल्ल्याशिवाय येऊ नका. पिवळी डाळ शिजवून, वाटून, जिरं-हळद घालून कणकेत भरायची आणि तव्यावर तेल लावून पातळ भाजायची. एक कधी देत नाहीत, जोडीच देतात. वर घेवड्याच्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रस्सा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, की कागदात गुंडाळून हातात. पोळी इतकी मऊ की तिसऱ्या घासाला रस्सा मनगटावर आला. "पुरणात गूळ घालायला इसरली जणू ही लोकं," आबा म्हणाले आणि आणखी एक जोडी मागितली. ठेचा मात्र त्यांनी मानला.

शामारेलची सातरंगी माती फोटोत पाहिली तेव्हा मला वाटलं होतं, रंग चढवलेत. तसं नाही. जंगलाच्या मधोमध उघड्या मातीच्या लाटा आहेत: तांबड्या, तपकिरी, जांभळट, पिवळ्या. बेसॉल्ट हजारो वर्षं पावसात कुजून त्यातलं विरघळणारं सगळं वाहून गेलं, मागं उरलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. त्यांचेच हे रंग. आपल्या मसाई पठारावरचा जांभा, शाहूवाडी-राधानगरीकडचं बॉक्साइट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं खनिज, सगळं याच घडणीतलं. मातीवर पाय ठेवू देत नाहीत, कठड्यावरून बघायचं, ऊन असलं की रंग खुलतात. वाटेतच ऐंशी मीटरच्या वर उंचीचा धबधबा लागतो. तिथून नैऋत्येला ल मोर्न हा ५५६ मीटरचा कातळ थेट समुद्राच्या कडेला उभा आहे. पळालेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहत, म्हणून तोही २००८ पासून वारसा यादीत आहे. आम्ही पायथ्यालाच फिरलो, आबांच्या गुडघ्यांना चढ झेपला नसता.

गंगा तलाव हा ज्वालामुखीच्या मुखातला तलाव, काठावर १०८ फुटी महादेव. महाशिवरात्रीला बेटभरातून लाखो लोक पायी येतात म्हणे, चैत्रात जोतिबाला जातात तसे. आम्ही गेलो तेव्हा धुकं उतरलं होतं आणि पाण्यात मासे तेवढे हलत होते.

कास्कावेल गावात मराठी वस्ती आहे हे मला माहीत होतं. देवळाच्या ओट्यावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. आबांची टोपी बघून उठले, हात जोडले आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "गाव कुठलं?"

"कोल्हापूर."

"अंबाबाई," ते म्हणाले आणि डोळे मिटून पुन्हा हात जोडले.

त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून आले होते. आडनाव मात्र तिथल्या नोंदवहीत कुठंतरी गळालं आणि आजोबांचं नावच घराण्याचं आडनाव झालं. असं अनेक घरांचं आहे. घरात आता क्रेओल ही फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली बोलतात, पण शाळेत मराठी शिकायची सोय आहे आणि गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथं 'झाकरी' म्हणून अजून नाचतात. बोलता बोलता त्यांचे शब्द अडायचे, मग ते हातानं दाखवायचे. आबांच्या खिशात नेहमीप्रमाणे अंबाबाईच्या कुंकवाची पुडी होती. त्यांनी ती तशीच काढून दिली. त्या गृहस्थांनी ती उघडली नाही, छातीशी धरून ठेवली.

शेवटचा दिवस उत्तरेला. पांपलमूसच्या वनस्पती उद्यानात परातीसारख्या काठ वळलेल्या पानांची महाकाय कमळं आहेत आणि आयुष्यात एकदाच फुलून मरणारा ताड. बाग सुरेखच आहे. पण त्याच्या जवळचं बो प्लां इथलं साखरेचं संग्रहालय, लावांतूर द्यू स्यूक्र, कोल्हापूरकरानं चुकवू नये. १९९९ मध्ये बंद झालेल्या कारखान्यातच ते केलंय. चरक, कढया, नळ्या, चाकं सगळं जागच्या जागी. आबा प्रत्येक यंत्राला आपलं नाव देत पुढं चालले होते: हा घाणा, ही काहील, इथनं मळी निघत असणार. आमच्या आजोबांचं गुऱ्हाळ होतं, त्यामुळे त्यांना पाटी वाचायची गरजच पडली नाही. तिथं खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक, सात-आठ वर्षं ठेवतात हे कळल्यावर मात्र ते थबकले. आपण दोन खोडव्यांतच रान मोडतो.

शेवटी वेगवेगळ्या साखरा चाखायला मिळतात. सोनेरी, तपकिरी आणि एक जवळजवळ काळी, ओलसर, बोटाला चिकटणारी. आबांनी ती चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे बारीक केले. "काकवीचा वास हाय. गूळ कडंला लागला की खरवडून खायचो आमी, त्येच्यागत." त्यांना उसाची दोन डोळ्यांची एक टिपरी बेण्याला आणायची होती, पण असं रोप-बेणं परवानगीशिवाय इकडून तिकडं नेता येत नाही. म्हणून त्या काळ्या साखरेची दोन पाकिटं घेतली.

परतलो तेव्हा आमच्या उसाला तोड आली होती. फडाच्या कडेला बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळीच्या खोपी पडल्या होत्या. एक पाकीट आईनं डब्यात ओतलं. दुसरं घेऊन आबा संध्याकाळी खोपींकडे गेले आणि तिथल्या पोरांच्या तळहातावर चिमूट-चिमूट ठेवत अंधार पडेपर्यंत बसून राहिले.