साखर 34, आणि ड्यूटी कोणाची?

फोंडा तालुक्यातल्या एका खाजगी रुग्णालयात मी लॅब सांभाळते. आमच्याकडे सनसनाटी असं सहसा काही घडत नाही. पावसाळ्यात डेंग्यू नि लेप्टो, बाकी वर्षभर साखर, क्रिएटिनिन आणि बिलावरून होणारी भांडणं.

स्त्रियांच्या वॉर्डात सत्तरी तालुक्यातल्या एक आजी होत्या. पाय सुजून लाल झालेला, सेल्युलायटिस. प्रेशर होतं, मधुमेह नव्हता. तरी एका आठवड्यात दोनदा पहाटे त्यांची साखर घसरली. अंगाला दरदरून घाम, बोलणं असंबद्ध. दोन्ही वेळा नाइटला एकच सिस्टर होती, दोडामार्गहून येणारी. पहिल्यांदा ‘आजी नीट जेवल्या नसतील’ म्हणून विषय मिटला. दुसऱ्यांदा कुजबुज सुरू झाली. तिसऱ्यांदा ग्लुकोमीटरवर 34 आकडा आला आणि सकाळचा चहा व्हायच्या आत कॅन्टीनमध्ये निकालही लागला. ‘दर वेळी हिचीच ड्यूटी कशी? हीच इन्सुलिन टोचत असणार.’

ल्यूसी लेटबीच्या खटल्याचे व्हिडिओ आमच्याकडे सगळ्यांनी पाहिले होते. इंग्लंडमधली ही नर्स 2023 मध्ये सात बाळांच्या खुनाबद्दल दोषी ठरली. ज्युरीसमोर ड्यूटीचा तक्ता ठेवला होता. प्रत्येक घटनेपुढे तिच्या नावाखाली फुली. फेब्रुवारी 2025 मध्ये तज्ज्ञ डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय गटाने कागदपत्रं तपासून ‘आम्हाला खुनाचा वैद्यकीय पुरावा दिसत नाही’ असं जाहीर केलं, तो व्हिडिओ मात्र कोणी फॉरवर्ड केला नव्हता. हॉलंडमध्ये लुसिया द बर्क या नर्सच्या बाबतीत तर, ती इतक्या घटनांच्या वेळी निव्वळ योगायोगाने हजर असण्याची शक्यता 34 कोटींत एक, असा हिशेब कोर्टात मांडला गेला. 2003 मध्ये तिला जन्मठेप झाली. हिशेबच चुकीचा होता. 2010 मध्ये ती निर्दोष सुटली.

मी वॉर्डाचं रजिस्टर मागवलं. आमच्याकडे नाइट सलग आठवडाभर लावतात. त्या आठवड्यात पहाटे काहीही घडलं असतं, नळ फुटला असता तरी, तिच्याच ड्यूटीत फुटला असता.

आता रक्ताच्या नळीबद्दल. तिसऱ्या वेळी त्या सिस्टरने 25 टक्के डेक्स्ट्रोज शिरेत सोडण्याआधी रक्त काढून घेतलं आणि लॅबला फोन केला, ‘ताई, साखर देण्याआधीचं रक्त आहे, टाकू नका.’ हे फार थोड्यांना सुचतं. पेशंट बेशुद्धीकडे चाललेला असताना जो तो आधी साखर देतो, आणि एकदा साखर गेली की पुरावाही गेला. मी नमुना लगेच सेंट्रिफ्यूजला लावला, सीरम वेगळं करून गोठवलं. पेशी फुटल्या तर इन्सुलिन नासतं.

‘मारणारी स्वतःच रक्त कशाला काढून ठेवील?’ असं मी म्हणून पाहिलं. पण हा युक्तिवाद लंगडा आहे, मलाही ठाऊक होतं. जर्मनीतला नर्स नील्स हेगेल पेशंटला औषध टोचून त्याचं हृदय बंद पाडायचा आणि मग सर्वांत आधी धावून जाऊन वाचवायला बघायचा, शाबासकीसाठी. 2019 मध्ये त्याच्यावर 85 खून शाबित झाले. तेव्हा चांगलं वागणं हाही पुरावा नव्हे. जे काय बोलायचं ते नळीने.

दुपारी रुग्णालयाच्या साहेबांनी बोलावलं. त्यांचं ठरलं होतं. सिस्टरला रजेवर पाठवायचं, महिन्याभराने राजीनामा घ्यायचा, चांगला दाखला द्यायचा, बोभाटा नको. मी म्हटलं, रिपोर्ट येईपर्यंत तरी थांबा.

‘मॅडम, तुम्ही लॅबपुरतं बघा.’

चार्ल्स कलेन हा खुनी नर्स अमेरिकेत सोळा वर्षं अशाच सोज्वळपणाच्या आधाराने फिरला. शंका आली की रुग्णालय त्याला गुपचूप वाटेला लावायचं, पुढच्या रुग्णालयाला काही कळवायचं नाही. जुलै 2003 मध्ये विषबाधा केंद्राने शेवटच्या रुग्णालयाला बजावलं, तरी तो ऑक्टोबरपर्यंत कामावर होता. 29 खून त्याने कबूल केले. साहेबांना मी एवढंच म्हटलं, की ती दोषी असेल तर पोलिसांना कळवा, नसेल तर घरी कशाला पाठवता? उत्तर मिळालं नाही. संध्याकाळी ती दोडामार्गची बस धरून गेली.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. इन्सुलिन 28, सी-पेप्टाइड 6.1. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा जोडीला सी-पेप्टाइडही तयार होतं. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. कोणी सुई मारली असती तर इन्सुलिन वर आणि सी-पेप्टाइड तळाला दिसलं असतं. इथे दोन्ही चढलेली. म्हणजे आजींचंच स्वादुपिंड कामाला जुंपलं होतं. स्वादुपिंडात गाठ असेल तर असं होतं, पण ती विरळा. नाहीतर मधुमेहाची गोळी.

फिजिशियनबरोबर मी वॉर्डात गेले. केसपेपरवर लिहिलेलं होतं, ‘घरची प्रेशरची गोळी चालू ठेवणे.’ ती गोळी आजोबा स्वतः रात्री जेवणानंतर द्यायचे. लॉकरमधून त्यांनी बिस्किटांचा डबा काढला. आत कात्रीने कापलेल्या स्ट्रिपांचे तुकडे. पुतण्याने फार्मसीतून दोघांच्या गोळ्या सुट्या आणल्या होत्या, दहा तुझ्या दहा माझ्या. आजी घ्यायच्या त्या तुकड्यावर नावाचं शेपूट तेवढं उरलं होतं: ‘राइड’. ग्लिमेपिराइड, मधुमेहाची गोळी. त्यात आजींची किडनी आधीच अशक्त, म्हणून गोळीचा असर लांबत होता. साखर दिली की तासाभराने पुन्हा खाली. पुढचे दोन दिवस ड्रिप आणि तासातासाला बोट टोचणं चाललं.

‘बाये, मग माझी साखरेची खंयची?’ आजोबांनी विचारलं.

त्यांचं बोट टोचलं. 318. ते बायकोची प्रेशरची गोळी घेत होते.

सिस्टरला मीच फोन केला. ती रडेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, ‘हे लेखी मिळेल?’

परत आली ती सरळ ऑफिसात गेली. तिला पत्र मिळालं, त्यात लिहिलं होतं, ‘वैयक्तिक कारणास्तव घेतलेल्या रजेनंतर रुजू.’ तिने ते टेबलावर परत ठेवलं. रजा मी मागितली नव्हती, म्हणाली, तुम्ही पाठवलंत, का पाठवलंत तेही लिहा. हे पत्र तीनदा बदललं. सोबत तिने रिपोर्टची झेरॉक्सही जोडून घेतली, खाली माझी सही घेऊन.