वेडर घेताय? आधी तांब्याभर गरम पाणी आणि काचेचा ग्लास घेऊन जा (खानापूर-हिडकल फेरी)

मागच्या ऑक्टोबरात आम्ही तिघं चार दिवस गळ टाकायला गेलतो, दोन दिवस बेळगावकडच्या खानापूरजवळ असोग्याला मलप्रभा नदीत आणि दोन दिवस हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला. हिडकलचे दोन दिवस निवांत गेले, चिलापी भरपूर, मासे खाल्ले आणि झोपलो, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते असोग्याच्या पहिल्या दिवसाबद्दल, कारण तिथं वेडरपायी माझे साडेसहा हजार आणि अर्धा जीव गेला.

वेडर म्हणजे छातीपर्यंत येणारी वॉटरप्रूफ पँट. दुकानदार म्हणाला ‘ब्रीदेबल आहे सर, उन्हाळ्यात पण घाम येणार नाही’. बरं म्हणून घेतली. गाडी रस्त्यावर लावली आणि शहाणपणा करून तिथंच घालून निघालो, भाताच्या बांधावरनं दीडेक किलोमीटर, अकराचं ऊन, ऑक्टोबर हीट माहितीच आहे तुम्हाला. पाचशे पावलांत पाठीतनं धार लागली, नदीजवळ पोचलो तोवर पायात पचपच आवाज यायला लागला, वाटलं भोक असणार. पण अजून पाण्यात उतरलोच नव्हतो की! काढून उलटी केली तर आत सगळा घाम, आणि आतला कपडा चकचकीत, रेनकोटसारखा, वास पण तसाच. साधं पीव्हीसीचं कोटिंग हो. तिथं बसलेले एक मामा गळ टाकत होते, धोतर गुडघ्यावर, ते म्हणाले ‘काय तरी गोणपाट घालून आलाय की’. त्यांच्या पिशवीत तोवर दोन मरळ होते.

दुकानदारानं परत घेतली नाही, वापरलेला माल म्हणे. तसलाच माल नंतर दुसरीकडं 1900 ला बघितला, तेव्हा जास्त पोट दुखलं.

तर आता नीट ऐका. खरा ब्रीदेबल कपडा म्हणजे आत एक पातळ मेंब्रेन म्हणजे पापुद्रा असतो, पाण्याचा थेंब आत येत नाही पण घामाची वाफ बाहेर जाते. तोंडानं फुंकून बघू नका, हवा आरपार जात नाही म्हणून चांगला मालही नापास होईल. पेल्यात कडक गरम पाणी घ्या, तोंडावर वेडरचा कपडा ताणून धरा, वर काचेचा कोरडा ग्लास उपडा ठेवा. दोन-चार मिनिटांत ग्लासात धुकं धरलं तर माल खरा, कोरडा राहिला तर दुकानातनं बाहेर पडा. दुसरी वेडर मी अशी चहाच्या टपरीवर तपासून घेतली, टपरीवाला हसत होता, हसू दे.

मात्र खरी ब्रीदेबल घेतली तरी जादू नाही. आत गरम दमट आणि बाहेर त्यापेक्षा गार-कोरडं असेल तरच वाफ निघते, म्हणून चालताना ती कमरेपर्यंत गुंडाळून पट्टा बांधा, नाहीतर सरळ पाठीवर टाका आणि नदीकाठी घाला. निओप्रीनची (जाड, फोमसारख्या रबराची) कोणी फुकट दिली तरी इकडं घालू नका, ती गार पाण्याची.

स्टॉकिंगफूट घ्या, म्हणजे पायात मोजा शिवलेला असतो आणि बूट वेगळे. हलकी पडते, वाळते लवकर. बुटाला जास्त पैसे घालायची गरज नाही, बेळगावच्या कॅम्पात मिळतात ते मिलिटरीचे जंगल बूट एक नंबर मोठे घ्या. मोजा आणि बूट यांच्या मधी वाळू गेली तर मोजा फाटतो, रोज झटका. दुकानात घालून उकिडवं बसून बघा, मागं शिवण ताणली तर पहिल्याच दगडावर उसवणार.

आणि कमरेचा पट्टा! माझ्या पहिल्या डब्यात नव्हताच. शेवाळलेल्या खडकावरनं घसरलो आणि वरनं पाणी आत भरलं, उभं राहता येईना, मित्रानं काखेत धरून ओढलं. पट्टा घट्ट असता तर एवढं पाणी गेलंच नसतं.

खरं सांगू, गुडघाभर पाण्यासाठी वेडर लागतच नाही, ट्रॅकपँट आणि जुने कॅनव्हास बूट बास. कमरेच्या वर पाणी आणि तासन् तास उभं राहायचं असेल तरच खर्च करा. हिडकलला उतरण्याआधी मासेमारीचा ठेका कुणाचा ते गावात विचारून घ्या. आणि कुडची-अथणीकडं कृष्णेत मगरी आहेत, तिथं वेडर घालूनही नको, न घालताही नको.

पीव्हीसीचं ते धूड आता आमच्या भावोजींकडं आहे, गोठ्यामागचा हौद साफ करायला वापरतात, म्हणाले एक नंबर माल आणलायस.