पिठाचा प्रवास

इंदूरजवळ पीथमपूरच्या ज्या कारखान्यात मी गुणवत्ता-तपासणीचे काम पाहते, तेथे मका आणि सोयाबीन यांचे जीवनसत्त्वे मिसळलेले पीठ तयार होते आणि मदतसंस्था ते दुष्काळग्रस्त प्रदेशांसाठी विकत घेतात. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे वीस टक्के तेल असते. सोयाबीन नीट भाजले गेले नाही किंवा पीठ फार काळ उष्णतेत राहिले, तर हे तेल खवट होते. म्हणून प्रत्येक बॅचचा कंट्रोल सॅम्पल, म्हणजे नंतर तुलना करण्यासाठीचा नमुना, आम्ही मुदत संपेपर्यंत जपून ठेवतो.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी पूर्व आफ्रिकेतून कुरियरने एक पुडके आले. पेज केली तर मुले तोंड फिरवतात, अशी तेथे हे पीठ वाटणाऱ्या केंद्राची तक्रार होती. पुडके उघडताच जुन्या तेलाचा वास आला. त्याच बॅचचा आमच्याकडील नमुना मात्र भाजलेल्या डाळ्यांसारखा खमंग होता आणि त्याची पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेल खवट होऊ लागल्याचे माप, मर्यादेत होती. परत आलेल्या पिठात ती कितीतरी वाढलेली, आणि ‘अ’ जीवनसत्त्व निम्म्याहूनही कमी. ज्या जीवनसत्त्वासाठी हे पीठ साध्या पिठाऐवजी पाठवायचे, तेच वाटेत नष्ट झाले होते.

दुपारी डिस्पॅच विभागातील काकांनी सगळे कागद माझ्या टेबलावर मांडले. “ताई, आपल्याकडून माल वेळेवर निघाला. पुढे बघा,” एवढेच ते म्हणाले. मधल्या बंदरात जहाज बदलण्यासाठी मुक्काम, उतरल्यावर जकातीची परवानगी, मग पत्र्याच्या गोदामात साठवण, आणि अखेर पावसाने बंद झालेला रस्ता. शिवाय मुळातली मागणीच त्या भागात धान्याचे भाव चढून बराच काळ लोटल्यावर नोंदवलेली होती.

हा एकाच खेपेचा दोष नाही, हे मला ठाऊक होते. सोमालियात 2010 च्या अखेरीस पाऊस हुकला तेव्हापासून इशारे दिले जात होते, पण दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला 20 जुलै 2011 रोजी. मदत सशस्त्र गटांच्या हाती पडेल या भीतीने देणगीदार देशांनी हात आखडता घेतला होता. पुढे झालेल्या अभ्यासानुसार त्या संकटात सुमारे 2,58,000 माणसे दगावली, त्यांतील निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालील मुले होती, आणि मृतांपैकी पुष्कळजण दुष्काळ जाहीर होण्याच्या आधीच गेले होते. अमेरिकेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2007 साली दाखवून दिले की तेथील सर्वांत मोठ्या अन्नमदत कार्यक्रमातील सुमारे 65 टक्के पैसा धान्यावर नव्हे, तर वाहतूक आणि इतर खर्चावर जातो. या मदतीचा ठरावीक हिस्सा अमेरिकी जहाजांतूनच नेण्याचे बंधनही कायद्याने घातलेले होते. भुकेलेल्या माणसाच्या नावाने मंजूर झालेला पैसा असा जहाजभाड्यात जावा, याची मला आजही चीड येते.

मला त्याहून अधिक अस्वस्थ करते ती पिठाची घडण. दुधाची भुकटी नसलेले असे पीठ दोन वर्षांखालच्या मुलांनाही वर्षानुवर्षे दिले जात होते. भुकटी, तेल आणि साखर घातलेला सुधारित प्रकार 2010 च्या सुमारास वापरात आला. तोही शिजवायला स्वच्छ पाणी आणि सरपण लागतेच, आणि दुष्काळात नेमके तेच दुर्मीळ असते. शेंगदाण्याच्या तयार पेस्टला यांतले काही लागत नाही. पण ती मुख्यतः अतिकुपोषित झालेल्या मुलासाठी असते, म्हणजे मूल त्या अवस्थेला पोहोचल्यानंतर.

माल निर्दोष निघाला होता, एवढाच अहवाल व्यवस्थापनाला हवा होता. मी तो लिहिला आणि त्याला एक पुरवणी जोडली: कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारे यंत्र ठेवावे, जवळच्या देशात चांगले पीक आले असेल तर तेथूनच खरेदी करावी, बाजारात धान्य असूनही लोकांच्या हाती पैसा नसेल तर पोत्यांऐवजी रोख रक्कम द्यावी, आणि मागणी भाव चढू लागताच नोंदवावी, दुष्काळाच्या घोषणेची वाट पाहू नये. पुरवठादाराने खरेदीदाराला असे सुचवणे योग्य नाही, असे वरिष्ठांचे मत पडले. बऱ्याच चर्चेनंतर पुरवणी अहवालासोबत गेली, आणि त्यातील तापमानाची सूचना तेवढी संस्थेने मान्य केली. उरलेल्या सूचना मी पुढच्या करारापूर्वी पुन्हा पाठवणार आहे.