इंजिन खाली उतरेल तेव्हाचा हिशेब

माझ्या मावसभावाने नुकतीच टोयोटा एमआर२ घेतली. एसडब्ल्यू२०, म्हणजे १९८९ ते १९९९ या काळात बनलेली दुसरी पिढी, थ्रीएस-जीटीई टर्बो इंजिनची. गाडी घरी येऊन आठवडा होत नाही तोच त्याची यादी आली: मोठा टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा), नवा एक्झॉस्ट, बूस्ट कंट्रोलर (टर्बोचा दाब, म्हणजे बूस्ट, ठरवणारा), मोठा इंटरकूलर (ती हवा थंड करणारा), त्याखाली बेरीज, आणि बेरजेखाली प्रश्न, "ताई, एवढ्यात तीनशे हॉर्सपॉवर होईल ना?"

मी याच मॉडेलची गाडी बरीच वर्षं सांभाळते आहे आणि माझं पोटापाण्याचं कामही जमाखर्चाचंच. त्याला फोनवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढावं म्हटलं. मिड-इंजिन, म्हणजे सीटमागे इंजिन असलेली, गाडी घेतलेल्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

पॉवरचं बजेट सहसा असं मांडलं जातं: अमुक भागाला इतके पैसे, त्यातून इतके हॉर्सपॉवर. बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं अशा गाडीत हे बऱ्यापैकी चालून जातं. एमआर२ मध्ये इंजिन सीटच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे आडवं बसलेलं आहे. इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारे पाइप) केबिनच्या भिंतीला लागून, टर्बो आणि एक्झॉस्ट डिकीच्या बाजूला. वरचं झाकण उघडल्यावर उजेड पाडून पाहिलंत तरी अर्धं इंजिन नजरेस पडत नाही. मोठं काम निघालं की गाडी उंच उचलून इंजिन सबफ्रेमसकट (ते ज्यावर बसतं त्या चौकटीसकट) खाली सोडायचं, हाच बहुतेक गॅरेजचा रस्ता. त्यामुळे पुष्कळदा भाग स्वस्त पडतो आणि त्या भागापर्यंत पोचणं महाग पडतं. म्हणून माझं बजेट हॉर्सपॉवरवरून सुरूच होत नाही. इंजिन किती वेळा खाली उतरणार, हा पहिला प्रश्न. आणि त्याचं उत्तर एकदाच, असं धरून मी पुढची आकडेमोड करते.

यासाठी वहीत तीन रकाने पाडायचे. झाकण उघडून होणारी कामं, गिअरबॉक्स उतरवून होणारी कामं आणि इंजिन उतरवून होणारी कामं. मग यादीतला प्रत्येक भाग त्याच्या रकान्यात टाकायचा. बूस्ट कंट्रोलर, स्पार्क प्लग, गेज ही पहिल्या रकान्यातली. क्लच, फ्लायव्हील, क्रँकचं मागचं ऑइल सील दुसऱ्यात. टर्बो गाडीत ठेवूनही बदलता येतो, पण गंजलेले नट, वितळायला आलेली गॅस्केटं आणि कूलंट-ऑइलच्या बारक्या नळ्या पाहता मी तो तिसऱ्यातच धरते. तिसऱ्यात आणखी काय येतं ते पाहा: टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सगळे रबरी पाइप. या इंजिनाला चिकटून कूलंटचा एक आखूड पाइप आहे, जगभरचे एमआर२वाले त्याला 'नरकातला पाइप' म्हणतात. पाइप वीतभर, पण हात पोचत नाही. इंजिन खाली असताना तो बदलणं हे मिनिटांचं काम. गाडीत असताना तोच फुटला तर आख्खा दिवस जातो, आणि मजुरीही आख्ख्या दिवसाची लागते.

हे फक्त टोयोटापुरतं नाही. पोर्शे बॉक्स्टरच्या सुरुवातीच्या पिढ्यांत आयएमएस बेअरिंगचा (इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या बेअरिंगचा) प्रश्न सगळ्यांना ठाऊक आहे. ते बेअरिंग गिअरबॉक्स उतरवल्यावरच हाताशी येतं, म्हणून जाणकार मालक ते क्लचसोबत बदलून घेतात. एमआर-एस, म्हणजे एमआर२ची तिसरी पिढी, घेतलीत तर सुरुवातीच्या वनझेडझेड-एफई इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधल्या प्री-कॅटचा (धूर शुद्ध करणाऱ्या छोट्या कन्व्हर्टरचा) चुरा होऊन इंजिनात ओढला जाण्याची तक्रार जुनी आहे. तिथे मॅनिफोल्ड बदलणं हा पॉवरचाही खर्च आणि इंजिन वाचवण्याचाही. असे दुहेरी कामाचे खर्च यादीत सर्वांत वर घ्यावेत.

आता तीनशेचा प्रश्न.

आपण नेहमी हवेचा विचार करतो, इंधनाचा राहून जातो. टर्बो पेट्रोल इंजिनाला प्रत्येक हॉर्सपॉवरमागे मिनिटाला साधारण ६.३ सीसी पेट्रोल लागतं असं धरून चालायचं. हा अंदाज जरा सढळ आहे, पण टर्बो इंजिनाला जाडसर, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त असलेलं, मिश्रणच मानवतं. इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोटी, ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवू नये. दुसऱ्या पिढीच्या थ्रीएस-जीटीईमध्ये मुळातले इंजेक्टर मिनिटाला ४४० सीसीचे. चार इंजेक्टर, १७६० सीसी, त्याचे ८५ टक्के १४९६, भागिले ६.३, म्हणजे २३७ हॉर्सपॉवर. टर्बो कितीही मोठा लावा, या इंजेक्टरवर सुरक्षित पल्ला एवढाच. तीनशे हवे असतील तर प्रत्येक इंजेक्टर निदान ५५६ सीसीचा लागेल, आणि त्याच्यामागे तेवढं पेट्रोल ढकलणारा पंपही. मुळातला ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) हे इंजेक्टर आपोआप ओळखणार नाही, त्यामुळे ईसीयूचा खर्च आला. शिवाय या पिढीत बूस्ट साधारण १२ पीएसआयच्या (हे दाबाचं एकक) वर गेला की ईसीयू इंधन तोडतो. भावाच्या यादीत टर्बो होता. इंजेक्टर, पंप आणि ईसीयू नव्हते. त्याची बेरीज बरोबर होती, पण ती अडीचशेच्याही खालच्या गाडीची होती.

इथेच तयार इंजिनाचा पर्याय हिशेबात घ्यावा. याच इंजिनाची तिसरी पिढी जपानी एमआर२मध्ये १९९३ नंतर आली: २४५ पीएस (हॉर्सपॉवरच्या जवळपासचंच एकक), ५४० सीसीचे इंजेक्टर, सीटी२०बी टर्बो, आणि हवा मोजायला जुन्या झडपेच्या मीटरऐवजी प्रेशर सेन्सर. वरचंच गणित ५४०ला लावलं तर २९१ हॉर्सपॉवर येतात. चौथी पिढी टोयोटाच्याच कॅल्डिना जीटी-टीमधली, २६० पीएसची. सुटे सुटे भाग जमवून २४५ गाठण्यापेक्षा ईसीयू आणि वायरिंगसकट चांगल्या अवस्थेतलं आख्खं इंजिन मिळालं तर ते बहुधा परवडतं, कारण सगळं एकमेकांना जुळलेलं येतं आणि उतरवण्याची मजुरी एकदाच पडते. शिवाय काढलेलं इंजिन विकता येतं, तीही जमेची बाजू. काही जण टोयोटाचं ३४५६ सीसीचं टूजीआर-एफई व्हीसिक्स बसवतात. हे इंजिन लोटसने इव्होरासारख्या मिड-इंजिन गाडीतही वापरलं. टर्बोशिवाय अडीचशेच्या वर पॉवर, आणि तीही इंजिनाला न ताणता. काम मोठं आहे, पण ज्याला रोज गाडी चालवायची आहे त्याला मी मोठ्या टर्बोआधी हाच पर्याय सुचवीन.

क्लचबद्दल थोडं सविस्तर, कारण बजेट इथेच फाटतं. क्लचला हॉर्सपॉवर कळत नाही, टॉर्क कळतो. तीनशे हॉर्सपॉवर ६००० आरपीएमला मिळत असतील तर तिथे टॉर्क सुमारे ३५६ न्यूटन-मीटर होतो. तेच तीनशे ७००० आरपीएमला मिळाले तर ३०५. जपानी बाजारातल्या दुसऱ्या पिढीच्या इंजिनाचा मुळातला कमाल टॉर्कच ३०४ होता! म्हणजे कागदावर आकडा तोच, पण एका गाडीला नवा दमदार क्लच लागेल आणि दुसरीचा चांगल्या अवस्थेतला क्लच कदाचित पेलून नेईल. लवकर जोर देणारा टर्बो रस्त्यावर जास्त आनंद देतो, मला तोच आवडतो, पण त्याच्यासोबत क्लचचा खर्च गृहीत धरावा लागतो. गिअरबॉक्सची काळजी इतकी नको. टर्बो एमआर२ला आलेला ई१५३ चांगला मजबूत आहे.

मग उष्णता. पुढच्या इंजिनाला समोरून वारा मिळतो. मिड-इंजिन गाडीत इंटरकूलर बाजूच्या जाळीमागे कोंडलेला, आणि शेजारी तापलेला एक्झॉस्ट. इंजिनात शिरणारी हवा ३० अंशांऐवजी ६० अंशांची असेल तर त्याच दाबाला ती सुमारे ९ टक्के विरळ होते. तीनशेच्या इंजिनातले पंचवीसेक हॉर्सपॉवर नुसत्या तापमानाने जातात, आणि वर नॉकिंगचा (मिश्रण अवेळी पेटण्याचा) धोका. म्हणून टर्बोला उष्णतारोधक कवच, डाउनपाइपवर (टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट पाइपवर) रॅप, इंटरकूलरकडे हवा नेणारं बंदिस्त डक्टिंग, यांवर केलेला किरकोळ खर्च मला बूस्ट कंट्रोलरपेक्षा मोलाचा वाटतो. पाण्यावर चालणारा इंटरकूलर हा त्यापुढचा टप्पा. त्याला वेगळा पंप, वेगळा रेडिएटर आणि पुढून मागे पाइप लागतात, तेव्हा तोही इंजिन खाली असतानाच बसवावा.

कूलंटचंही तसंच. रेडिएटर नाकाशी, इंजिन पाठीशी, मध्ये केबिनखालून धावणारे लांबच लांब पाइप. कूलंट भरताना हवा अडकली तर तापमानाचा काटा शांत दिसतो आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, मात्र तापत राहतं. रेडिएटर आणि हीटर या दोन्हीकडच्या ब्लीड नळ्यांतून बुडबुडे थांबेपर्यंत पाणी सोडावं लागतं. गॅरेजला या कामाचे पूर्ण तास द्या आणि तसं बोलून ठेवा. घाईत भरलेल्या कूलंटमुळे हेड गॅस्केट गेलं, तर तुम्ही जपून मांडलेला 'एकदाच' तिथेच मोडतो.

टायर आणि ब्रेक हे पॉवरच्या बजेटबाहेर ठेवायची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. या गाडीचं निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकांवर आहे, आणि वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर शेपूट फिरते. टोयोटाने स्वतः नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सस्पेन्शन बदललं आणि १५ इंची चाकं दिली, पुढे १९५ आणि मागे २२५ रुंदीचे टायर. पन्नास-साठ हॉर्सपॉवर वाढवून जुने, कडक झालेले टायर ठेवणं मला धोक्याचं वाटतं. टायरच्या बाजूवर बनल्याचा आठवडा आणि वर्ष चार अंकांत छापलेलं असतं. तो आकडा वाचल्याशिवाय पॉवरला हात लावू नका. नक्षी खोल आहे म्हणून टायर चांगला असं होत नाही.

माझी वाटणी मजुरी धरून अशी असते. शंभरातले २५ आधी गाडी ठणठणीत करायला: बेल्ट, वॉटर पंप, पाइप, सील. १५ टायर आणि ब्रेकला. ३० पॉवरच्या भागांना, यात इंजेक्टर, पेट्रोल पंप, ईसीयू आणि क्लच आले. १० डायनोवरच्या (पॉवर मोजायच्या यंत्रावरच्या) ट्यूनिंगला. उरलेले २० राखीव, आणि ते इंजिन उतरवायच्या आधी कशालाही वापरायचे नाहीत. इंजिन खाली आल्यावर काहीतरी निघतंच, तडकलेला मॅनिफोल्ड, तुटलेला स्टड, कडक झालेलं वायरिंग. त्या वेळी हातात पैसे असले तर आपण ते काम करून टाकतो. नसले तर 'चालतंय तोवर चालू दे' म्हणून इंजिन परत चढवतो, आणि मग तेच काम पुढच्या वर्षी दुप्पट मजुरीने करतो.

भावाला पॉवरचे ३० कमी वाटले. "त्यात टर्बो कसा बसेल?" तर मी म्हटलं, अरे, लहान आकडा धर. २४५ पीएसची एमआर२ साधारण १२५०-१३०० किलोची, तुला वाटतंय त्याहून कितीतरी वेगाने सुटते. तीनशे हवेच असतील तर एक वर्ष आणखी पैसे साठव, पण अर्धं काम आत्ता आणि अर्धं नंतर असं करू नकोस, कारण इंजिन दोनदा उतरेल.

ट्यूनिंगच्या दहांत काटछाट करू नये, एवढं मात्र आग्रहाने सांगते. वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) बसवा, डायनोवर अर्धा दिवस जास्तीचा धरा, आणि आलेख घेताना आत शिरणाऱ्या हवेचं तापमान आणि हवा-इंधनाचं प्रमाण दोन्ही छापून मागा. नुसत्या हॉर्सपॉवरच्या रेषेवरून इंजिन सुखी आहे का ते समजत नाही. चाकांवर मोजलेला आकडा इंजिनाच्या आकड्यापेक्षा कमी येतो, तेव्हा कुठला आकडा कुठला ते कागदावर लिहून घ्या. बदल विमा कंपनीला कळवा आणि तुमच्याकडच्या प्रदूषणाच्या नियमांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढता येतो का ते डाउनपाइप घेण्याआधी पाहा. बहुतेक ठिकाणी येत नाही. तिथे मोकळा वाहणारा पण कॅटसकटचा डाउनपाइप घ्यावा.

आणि या सगळ्याच्या आधी, एकही भाग न मागवता, कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीकडाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडर दाब धरतात का याची तपासणी. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आले तर वरची वाटणी लागू. एखादं सिलिंडर खाली बसलेलं दिसलं तर आख्खं इंजिन बदलण्याचा हिशेब त्याच दिवशी काढायला घ्या, टर्बोच्या कॅटलॉगची पानं नंतर उघडा. भावाची टेस्ट शनिवारी आहे.