मोरारियाची गल्ली आणि आत्याचं जातं

लिस्बनला नोकरीसाठी राहायला गेले तेव्हा फादोबद्दल मला एवढंच माहीत होतं की ते पोर्तुगालचं गाणं आहे आणि ते दुःखी असतं. पहिल्यांदा ऐकायला गेले ते आल्फामा या लिस्बनच्या जुन्या वस्तीतल्या एका छोट्या खानावळीत. दिवे मंद झाले, दोन वादक भिंतीला टेकून बसले आणि एक बाई खांद्यावरची काळी शाल सावरत उभी राहिली. मी मैत्रिणीच्या कानात काहीतरी कुजबुजले. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी हळूच ओठांवर बोट ठेवलं. राग नव्हता त्यात, पण माझा चेहरा गरम झाला. तिथं गाणं सुरू झालं की ताटातला काटाही वाजवत नाहीत. वाढणारी पोरं जागच्या जागी थांबतात. त्या दिवसापासून मी फादोला गेले की हात मांडीवर ठेवून बसते, घरी कीर्तनाला बसायचे तशी.

मग नादच लागला. शुक्रवारी काम संपलं की मोरारियाकडं जायचं. चढाच्या दगडी गल्ल्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे, कुठून तरी मासे भाजल्याचा वास. याच वस्तीत मारिया सेव्हेरा राहायची, फादोतलं पहिलं मोठं नाव. १८४६ साली ती वारली तेव्हा फक्त २६ वर्षांची होती. नंतरच्या काळातल्या आमालिया रॉड्रिग्ज १९९९ मध्ये गेल्या तर सरकारनं तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला. गाणाऱ्या बाईसाठी अख्खा देश तीन दिवस थांबतो, हे ऐकून मला भरून आलं होतं. मला स्वतःला मात्र जिथं हौशी माणसं गातात ती ठिकाणं जास्त आवडतात. तिथं टॅक्सीवाला उठून गातो, मग भाजीवाली उठते. साथीला पोर्तुगीज गितार्रा, बारा तारांची, पोट गोल. नखांनी छेडली की तिचा आवाज पाण्यावर ऊन हलावं तसा थरथरतो.

अशाच एका रात्री माझ्या कानानं काहीतरी पकडलं. एक बाई गाऊन बसली, दुसरा माणूस उठला, आणि चाल तीच! शब्द वेगळे होते, एवढं कळण्याइतकी पोर्तुगीज मला आता येत होती. मोडक्या भाषेत शेजारच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, फादो तोच आहे, कविता त्याची स्वतःची आहे. पुढं आल्फामातल्या फादो संग्रहालयात जाऊन नीट समजून घेतलं. मेनोर, कोर्रिदू आणि मोरारिया या सगळ्यात जुन्या तीन चाली. कुणी बांधल्या त्याची नोंद नाही. मापात बसणारी कुठलीही कविता त्यात घालायची आणि गाणाऱ्यानं आपल्या गळ्यानं चाल वळवायची. दोघं समोरासमोर उभं राहून जागच्या जागी कडवी रचतात, त्याला देश्गर्राडा म्हणतात.

हे तर आमच्या आजीचं जातं होतं! चाल एक आणि ओव्या किती, याला मोजदाद नाही. पहाटे अंथरुणात पडून मी ती चाल ऐकलेली आहे. जात्याची घरघर आणि त्यावर आजीचा आवाज. शब्द मात्र एकही आठवेना. मला मेनोर ओळखू येत होता आणि आजीची एक ओवी येत नव्हती. त्या रात्री मी ट्राममध्ये न बसता पायीच घरी गेले.

चुलतभावाचं लग्न ठरलं तशी महिन्याची सुट्टी काढली. संभाजीनगरहून एसटीनं निघाले. गेवराईनंतर गढीवरून गाडी माजलगावकडं वळली, दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला आणि मी घरी आले.

आमच्याकडं आता दळण गिरणीत जातं. जातं निघतं ते फक्त लग्नाच्या हळदीला. गोठ्याच्या कोपऱ्यातून दोघांनी ते उचलून आणलं, धुतलं, कुंकवाची बोटं ओढली. खुंट्याला सुपारी आणि हळकुंड बांधलं. पाच सवाष्णी बसल्या, पण ओवी कुणाला येईना. नव्या सुना एकमेकींकडं बघायला लागल्या. मग थोरल्या आत्याला ओसरीवरून हाताला धरून आणलं. वय पंच्याऐंशीच्या पुढं. तिनं खुंट्यावर हात ठेवला, जात्याच्या तोंडात वैरण घातली, एक फेरा नुसताच फिरवला आणि मग सुरू केलं. पहिली ओवी देवाला, दुसरी माहेराला. बारीक आवाज, पण प्रत्येक ओळ जात्याच्या फेऱ्यावर बरोब्बर टेकत होती. मी शेजारी फोन धरून बसले होते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुढची ओवी माझ्यावरच घातली:

भाची गेली परमुलखा, तिथं दर्या तिच्या दारी
हळदीच्या वासासाठी आली इमानानं घरी

रचायला एका फेऱ्याइतकाही वेळ घेतला नाही तिनं. मी रडले.

चालुक्य राजा सोमेश्वरानं बाराव्या शतकात कल्याणीला बसून ‘मानसोल्लास’ लिहिला. महाराष्ट्रात बाया कांडताना ओवी गातात, असं त्यात नोंदवलेलं आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्या उमरग्याच्या पलीकडंच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९६ मध्ये खुद्द माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. माझ्या गावापासून इतक्या जवळ. आणि मी ते वाचलं लिस्बनच्या खोलीत.

रात्री जेवणं झाल्यावर आत्याजवळ बसले आणि तिला फोनवर मेनोर ऐकवला. डोळे मिटून तिनं सगळा ऐकला.

“ही बाई रडायलीय का गायलीय?”

“गायलीय, आत्या.”

“चाल बारकीच हाय. पण दम लई लांब हाय तिचा.” थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “दळताना म्हणतेत व्हय?”

म्हटलं, नाही, उभं राहून म्हणतात, दिवे बारीक करून, सगळे गप्प बसून ऐकतात.

“मग हात काय करतेत तिचे?”

मी तिला फोटो दाखवला. दोन्ही मुठींत शालीची टोकं घट्ट धरलेली. आत्यानं फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितलं.

“धरायला काहीतरी लागतंच बाईला,” ती म्हणाली. “लाव आणखी एक.”